नाव खाली

लग्न होऊन उज्जैनला आले तेव्हा माझी हिंदी म्हणजे मराठीचंच बोचकं होतं, वरची गाठ तेवढी हिंदीची. यजमान रेल्वेत, बिऱ्हाड फ्रीगंजात. माहेरी वाईला चित्रकलेच्या दोन परीक्षा दिलेल्या होत्या, त्या जोरावर मिशनच्या प्राथमिक शाळेत नोकरी मिळाली. मिशनमध्ये जाऊन सून बाटणार म्हणून सासूबाईंनी चार दिवस अबोला धरला. पाचव्या दिवशी त्यांनाच करमेना, मग विचारू लागल्या, तिथे पोरं प्रार्थना म्हणतात ती चालीवर म्हणतात का नुसतीच.

प्रार्थना चालीवर असायची. मग पाढे, शुद्धलेखन, आणि शुक्रवारी मधल्या सुट्टीनंतर माझा तास. पोरं टाटपट्टीवर, म्हणजे तागाच्या लांब पट्टीवर, पोटावर पडून चित्रं काढायची. रंग भैरवगढच्या कापड छापणाऱ्यांकडून आणलेले, पुडीतले, डिंकाच्या पाण्यात कालवायचे. त्यांतला लाल फार खट. एकदा लागला की फ्रॉकवरून जायचा नाही आणि आयांच्या शिव्या मला बसायच्या.

तिसरीत एक मुलगी होती. तिचा बाप क्षिप्रेवर नावाडी. आदल्या पावसाळ्यात पुरात त्याची होडी उलटली. होडी पुढच्या घाटाला लागलेली सापडली, तो सापडला नाही. पोर तेव्हा आजोळी खेड्यावर होती. ती परत येईपर्यंत आईने घाटावरचं घर सोडलं, आमच्या शाळेच्या बोर्डिंगमध्ये स्वयंपाकाला लागली, आणि पोरीला सांगितलं की बाबू इंदूरला मिलमध्ये कामाला गेलेत. खरं काय ते शाळेत दोघींनाच ठाऊक, मोठ्या बहनजींना, म्हणजे मुख्याध्यापिकाबाईंना, आणि मला. मला तिच्या आईने पिठाच्या हातांनी धरून सांगितलं होतं, “थोड़ी बड़ी हो जाए, फिर मैं ही बताऊँगी. आप मत कहना, बहनजी.”

माझ्या जिभेला हाड नाही हे अख्ख्या फ्रीगंजाला माहीत. पण ही एक गोष्ट मी वर्षभर पोटात ठेवली. यजमानांनासुद्धा सांगितली नाही.

ती पोर एकच चित्र काढायची. चिमणी काढ म्हटलं तरी आधी पाणी, पाण्यात होडी, होडीत बांबू धरून उभा माणूस, डोक्याला लाल पागोटं. चिमणी मग कुठेतरी कोपऱ्यात. मी चिडवायची, तुझे बाबू चिमण्या पकडायला निघालेत का म्हणून. ती तोंडावर हात ठेवून हसायची. खरं ठाऊक असूनही मी चिडवायचीच. काय करणार, माझा स्वभावच मेला तसा.

पुढे मध्य भारत राज्य मोडलं आणि नवा मध्य प्रदेश झाला. राजधानी भोपाळला गेली, कागदांवरचे शिक्के बदलले, आणि तिकडून नवे साहेब तपासणीला येणार म्हणून शाळेत धावपळ उडाली. भिंतींना चुना लागला. वर्गात टांगायला चित्रं हवी होती. मी विषय दिला, ‘मेरा घर’. सगळ्यांनी घरं काढली, तुळशीसकट, शेळीसकट. हिने होडी काढली. पण या वेळी काय काढली होती! माणसाला चेहरा होता, मिशा होत्या, बांबू धरलेल्या हाताची बोटंसुद्धा मोजून पाच. तिचं घर ते.

तास संपत आला होता. मोठ्या बहनजींचा दोनदा निरोप आला, चित्रं पाठवा. एकाही चित्रावर नाव नव्हतं. आता कुणाचं कुठलं, साहेबांना काय सांगणार? माझं डोकं फिरलं, आणि ते फिरलं की हिंदी आधी पळून जायची. टाटपट्टीवरून फिरत मी प्रत्येकाच्या कागदावर टिचकी मारत सुटले, “नाव खाली. चला, नाव खाली.” पोरांना माझी सवय होती. एकाने लिहिलं की शेजारचा बघून लिहायचा.

तिच्याही कागदावर टिचकी मारली. तिने वर बघून विचारलं, “खाली?”

“हो, खाली. पटकन.”

मी पुढे गेले. घंटा झाल्यावर कागद गोळा करताना तिचा हातात आला तो ओला होता. होडी होती, पाणी होतं. माणूस नव्हता. ओल्या कुंचल्याने तिने तो घासून घासून काढला होता, इतका की कागदाची लव निघाली होती. पागोट्याचा लाल ठिपका तेवढा निघाला नव्हता.

मी आधी रागावले, हे आजही टोचतं. एवढं सुरेख काढलेलं का पुसलंस, म्हणून ओरडले. ती शांतपणे म्हणाली, “आप ही ने तो कहा, नाव खाली.”

मी सांगत होते नाव लिही, खालच्या बाजूला. तिच्या भाषेत नाव म्हणजे होडी आणि खाली म्हणजे रिकामी. चूक झाली, मला तसं म्हणायचं नव्हतं, असं सांगता आलं असतं. तोंड उघडलंही. पण होडी रिकामी नाही, असं त्या पोरीला कुठल्या तोंडाने सांगू?

वर्ग रिकामा झाला तरी ती उभीच होती. मग जवळ येऊन हळूच म्हणाली, “माँ से मत कहना, बहनजी. उनको लगता है, बाबू आएँगे.”

मी मान हलवली. ती गेल्यावर दार लावून घेतलं आणि रडले.

साहेब आले त्या दिवशी चहाचा ट्रे घेऊन तिची आई वर्गात आली. भिंतीवर टांगलेल्या पोरीच्या चित्रापाशी थांबली. एका बोटाने तो लाल ठिपका चाचपला आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, पानी गिर गया था.

“हाँ,” ती म्हणाली, “पानी ही था.” आणि ट्रे घेऊन साहेबांकडे गेली.

दोघींना दिलेला शब्द मी पाळला. पुढच्या वर्षी त्या मायलेकी आजोळी निघून गेल्या. कोण कुणाला आधी बोललं, का बोललंच नाही, मला कळलं नाही. चित्र माझ्याकडेच राहिलं. त्यावर तिचं नाव मीच लिहिलं, खाली, कोपऱ्यात.