शोभेची पुस्तकं

नगरच्या बसस्टँडजवळ एक काका जुनी पुस्तकं विकतात. हस्तरेषा, रेडिओ दुरुस्ती, कुस्तीचे डाव, असलं काहीबाही ते गावोगाव फिरून हौसेनं जमवतात. आणि गिऱ्हाइकानं एखादं विकत घेतलं की त्यांचाच चेहरा पडतो.

परवा मी तिथं पुस्तकं चाळत असताना शिर्डीचा एक हॉटेलवाला टेम्पो घेऊन आला. "सगळी द्या. लॉबीत मांडायचीत."

काका निमूट गठ्ठे बांधू लागले. मध्येच थांबून म्हणाले, "तिथं कुनी वाचनार हाय का?"

"छे! काचेच्या कपाटाला कुलूप राहील."

काकांनी बांधलेली सुतळी सोडली. "मंग विटा मांडा की. ही न्हाई द्यायची मला."

टेम्पो रिकामा गेला. मला काकांचं इतकं कौतुक वाटलं, की समोरचं शेळ्यांच्या आजारांवरचं पुस्तक उचलून मी किंमत विचारली.

काकांनी माझ्याकडं रोखून पाहिलं. "घरी शेळी हाय का तुमच्या?"