शनिवारी थांबलेला घाणा

त्या गुरुवारी मला कोणी विचारलं असतं, तुमचा देवावर विश्वास आहे का, तर मी ताबडतोब हो म्हटलं असतं. आणि हो म्हणताना माझ्या हातात स्क्रू ड्रायव्हर असता, कारण त्याच सकाळी मी आमच्या दाराच्या चौकटीवरून देवाचं वचन काढत होते. विश्वास आणि भीती एकाच घरात किती सुखानं नांदतात, हे मला साठी उलटल्यावर कळलं.

आम्ही बेने इस्राएल. म्हणजे यहूदी, पण मराठी यहूदी. कितीतरी पिढ्या कोकणात राहिलेले, मराठीतच भांडणारे आणि मराठीतच रडणारे. आडनावाच्या शेवटी ‘कर’ असल्यामुळे रायपुरात सगळे आम्हाला महाराष्ट्रीयन म्हणतात आणि ते खोटंही नाही. यजमान वऱ्हाडात वाढले, बोली तिकडचीच; रेल्वेत फिटर होते. नोकरीनं इथे आणलं ते इथेच राहिलो, तात्यापारा मोहल्ल्यात, तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत. मुलगी पुण्याला असते. आमच्यासारखं दुसरं घर या शहरात माझ्या तरी माहितीत नाही. आमच्याकडे दाराच्या उजव्या चौकटीवर मेझुझा लावतात. बोटभर लांबीची पितळी डबी, आत चामड्यावर हातानं लिहिलेलं वचन, की देव एकच आहे. येता-जाता तिला बोटं लावायची आणि बोटांचा मुका घ्यायचा. यजमानांची आठवण गेली दोन वर्षं गळत चालली आहे. मुलीचं नाव विसरतात, जेवलो की नाही ते विसरतात, पण बोटं त्या डबीवर कधी चुकली नाहीत.

तिकडे यहूद्यांच्या देशातल्या लढाईच्या बातम्या सुरू झाल्या, तशी आम्ही कोण आहोत ते लोकांना अचानक आठवू लागलं. सकाळी तलावाकाठी फिरायला येणारे एक गृहस्थ माझ्या यजमानांची पाठ थोपटून म्हणायचे, “आप लोग सही करते हो, ऐसे ही मारना चाहिए.” यजमान हसायचे, कारण त्यांना काही कळलेलं नसायचं. दुसरे एक त्याच लढाईचा राग आमच्यावर काढायचे आणि आम्हाला पाहून वाट बदलायचे. एकाला आम्ही शूर वाटत होतो, दुसऱ्याला खुनी. गुडघेदुखीचं तेल चोळून फिरायला निघालेली दोन म्हातारी माणसं मात्र कोणालाच दिसत नव्हती.

मग सदर बाजारातला तो दिवस आला. आईच्या साखळीची कडी तुटली होती, ती जोडून घ्यायला मी सराफाकडे गेले. साखळीत आमचा सहा टोकांचा तारा आहे. समोरच्या कापड दुकानाचा मालक तिथे गप्पा मारत बसला होता. त्यानं तो तारा उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, “ये तो यहूदियों का है. हिटलर ने ऐसे ही थोड़ी मारा था, कुछ तो करते होंगे ये लोग.” टोमॅटो महागले म्हणावं इतक्या सहज तो हे बोलला. दुकानात चार-पाच गिऱ्हाइकं होती, कोणी मान वर केली नाही. सराफानं मला विचारलं, “आपका है?” माझ्या जिभेला हाड नाही असं सासूबाई म्हणायच्या. त्या दिवशी तीच जीभ टाळूला चिकटली, आणि सुटली ती खोटं बोलायला. मी म्हटलं, “नहीं, एक सहेली का है.”

त्यानंतर मला झोप लागेना. बाजारात कोणी हसलं तरी ते मलाच हसत आहेत असं वाटे. दोन आठवड्यांनी दाराशेजारच्या भिंतीवर काळ्या शाईनं ‘गद्दार यहूदी’ लिहिलेलं आढळलं. यजमान उठायच्या आत मी रॉकेलच्या बोळ्यानं ते पुसलं. शाई गेली, डाग राहिला. मग मी मेझुझाचे दोन्ही स्क्रू काढले आणि ती फडक्यात गुंडाळून डाळीच्या डब्यामागे ठेवली. देवाला म्हटलं, थोडे दिवस आत राहा, बाहेर दिवस बरे नाहीत. जणू त्याला लपायची गरज होती. गुरुवार आणि शुक्रवार मी यजमानांना निमित्तं काढून घरातच ठेवलं.

शनिवार हा आमचा शब्बाथ. त्या दिवशी कामधंदा नाही, चूल नाही, हातात पैसा नाही. मला नवं निमित्त सुचलं नाही आणि दुपारी चारला हे फिरायला निघाले. शब्बाथची छोटी गोल टोपी त्यांच्या डोक्यावर होती. टोपी घरीच ठेवा म्हणायचं माझ्या ओठांवर आलं होतं, पण तेवढी लाज माझ्यात शिल्लक होती. त्यांचा हात चौकटीकडे जायच्या आत तो धरून मी त्यांना बाहेरपर्यंत पोचवलं आणि आतून कडी लावून घेतली. सकाळी आम्ही दोघं फिरायचो, पण दुपारची तलावाची फेरी ते एकटेच मारत आणि पाचला परत येत. पाय रस्ता ओळखतात, डोक्याची गरज पडत नाही. पाच वाजले, साडेपाच झाले. दार उघडून बाहेर आले तर वरच्या मजल्यावरच्या वंदनाताई गॅलरीतल्या दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होत्या. त्या अमरावतीकडच्या, मनानं मोकळ्या.

“काकाजी तं येऊन गेले न, काकू,” त्या म्हणाल्या. “मी वरून पाहूनच राहिली होती. चौकटीवर हात फिरवला, खालीवर चाचपलं, अन् ‘हे आपलं घर नोहे’ असं म्हणून वापस गेले. मले वाटलं, काही मजाक करून राहिले.”

मी चौकटीवरच्या स्क्रूच्या दोन भोकांकडे पाहिलं. त्यांनी घर डोळ्यांनी कधी ओळखलंच नव्हतं, ते बोटांनी ओळखत होते. दाराच्या आत, चार हातांवर, मी बसले होते, आणि ते सभ्य माणसासारखे परक्याच्या दारातून परत फिरले. दुसऱ्या कोणाच्या घरी हे घडलं नसतं. आमच्याच घरी घडणारं होतं आणि ते मीच घडवलं होतं.

शब्बाथला आम्ही फोनला हात लावत नाही. पण जीव वाचवायचा असेल तर शब्बाथ मोडावा, हे आमचंच शास्त्र सांगतं. मी फोनमधला फोटो दाखवत निघाले. वंदनाताई तलावाकडे गेल्या, मी बाजाराकडे. पांढरा सदरा, चष्मा, सावकाश चाल. अशी म्हातारी माणसं सदर बाजारात शेकड्यानं असतात. स्कूटरी अंगावर येत होत्या. फोटोतली टोपी पाहून पानवाल्यानं विचारलं, “मुस्लिम हैं?” मी नाही म्हटलं. “तो फिर?” मी “महाराष्ट्रीयन” म्हणून पुढे सरकले. तो बिचारा चांगल्या मनानं विचारत होता, शोधायला मदत व्हावी म्हणून. आणि मी नवरा हरवलेला असतानाही लपत होते. हे लिहिताना आजही मान खाली जाते.

अशी चुकत-माकत मी त्याच सराफाच्या दुकानासमोर आले. कापडवाला तिथेच बसलेला. अंधार पडायला फार वेळ नव्हता, आणि अंधारात हे मोठ्या रस्त्यावर गेले तर काय होईल ते माझ्या डोळ्यांसमोर दिसत होतं. मनात मी एवढंच म्हटलं, देवा, आता माझ्याच्यानं होत नाही, तू बघ. याला प्रार्थना म्हणायचं की हात टेकणं म्हणायचं, मला ठाऊक नाही. मग माझा आवाज माझा मलाच ऐकू आला.

“भैया, मेरे पति खो गए हैं. उन्हें भूलने की बीमारी है. सिर पर छोटी गोल टोपी है. हम यहूदी हैं. आज शनिवार है, हमारा काम बंद रखने का दिन. और वो साखळी... वो चेन सहेली की नहीं थी, मेरी है.”

कापडवाल्यानं माझ्याकडे पाहिलं, “अच्छा,” म्हणाला आणि रस्त्याकडे तोंड फिरवलं. सराफ काउंटरवरचं कापड उगाच सारखं करत राहिला. वाटलं, बोललीस आणि काय मिळालं.

तेवढ्यात कोपऱ्यात पायातली पैरी, म्हणजे चांदीचे वाळे, दाखवायला सांगत बसलेली एक बाई उठली. पन्नाशीची, ठसठशीत, दात तंबाखूची गुडाखू घासून काळे पडलेले. तिनं छत्तीसगढीत विचारलं, “शनिच्चर कहे का दीदी? टोपी वाले बबा? ओ तो हमर घानी म बइठे हे.”

तिचा तलावामागच्या गल्लीत तेलाचा घाणा होता, विजेवर चालणारा. चालता चालता ती सांगत गेली. तासाभरापूर्वी एक म्हातारबाबा दारात येऊन उभे राहिले, घाण्याकडे बघत राहिले, आणि मग त्यांनी दोन्ही हात जोडले. “कहिस, आज शनिच्चर ए, घानी रोक दे. बुजुर्ग मनखे हाथ जोड़त हे, त का करतेंव? मशीन बंद कर देंव.” म्हातारा माणूस हात जोडतो म्हटल्यावर तिनं यंत्रच बंद केलं होतं. शनिवार हा तिच्या खपाचा दिवस, शनीला तेल वाहणारे रांगेनं येतात. तरी तिनं बंद केलं. त्यांना बसवलं, पाणी दिलं, सुनेला लक्ष ठेवायला सांगितलं. आणि यंत्र बंद, हात रिकामे, म्हणून बरेच दिवस राहिलेली पैरी घ्यायला बाजारात आली.

हे पोत्यावर बसले होते. मला पाहून त्यांना जराही नवल वाटलं नाही. “आलीस? घर सापडूनच नाही राहिलं,” ते म्हणाले. “इथं तिळाच्या तेलाचा वास आला. मले वाटलं आज्याचा घाणा हाय. पण आज्या शनवारी घाणा चालवत नाही न, म्हणून मी सांगतलं याईले.”

आमचे पूर्वज कोकणात तेल गाळत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. लहानपणी मला त्या नावाची लाज वाटायची. बाईनं विचारलं, “तुमन कोन जात आव?” एरवी या प्रश्नाला मी शंभर वळणं दिली असती. मी तिला सगळं सांगितलं, तेलासकट. ती मनापासून हसली. “हव? हमू मन तेली आन, साहू. त बबा ह अपनेच घर आय रिहिस.” म्हणजे तीही तेलीच, आणि बाबा आपल्याच घरी आले होते. मग मला रडू आवरेना, आणि तिनं तेलकट हातानं माझी पाठ चोळली.

आमची वडीलधारी माणसं सांगत, एलियाहू हन्नाबी, आमचा पैगंबर, वेष पालटून गरजवंताच्या वाटेत उभा राहतो. त्या गुडाखूवाल्या बाईला मी पैगंबर म्हणणार नाही, तीच मला वेड्यात काढील. मी फक्त घडलं ते लिहिते आहे. घाणा थांबला नसता तर ती बाजारात आली नसती. मी शनिवार हा शब्द उच्चारला नसता तर तिनं मान वर केली नसती. यापुढचं मला कळत नाही आणि आता कळून घ्यायची घाईही नाही.

घरी पोचल्यावर हे उंबरठ्यावर अडले. चौकट चाचपली आणि आत यायला तयार होईनात. शब्बाथ सुटेपर्यंत ठोकाठोक करता येत नाही, म्हणून आम्ही दोघं पायरीवर बसून राहिलो. येणारे-जाणारे बघत होते. आकाशात तीन तारे दिसले की शब्बाथ सुटतो; ते दिसले तशी मी आतून मेझुझा आणली आणि सगळ्यांच्या देखत स्क्रू पिळले. एक स्क्रू दोनदा पडला, वंदनाताईंनी टॉर्च धरून शोधला. यांनी बोटं लावली, मुका घेतला आणि “आता चहा दे” म्हणत आत गेले.

चहा देताना मी त्यांच्यासमोर कबुली दिली. ती मी काढली होती, मला भीती वाटली, माझ्यामुळे तुम्ही हरवलात. त्यांनी चहा बशीत ओतला. म्हणाले, “भेव लागला असन तुले. भेव लागला का माणूस पहिले देवच लपवते.” सकाळी उठल्यावर त्यांना ना हरवणं आठवत होतं ना माफी. मी परत सांगितलं, आणि मग पुष्कळ दिवस सांगत राहिले. दर वेळी त्यांनी नव्यानं ऐकलं आणि नव्यानं माफ केलं. एका अपराधाची इतक्यांदा माफी मिळालेली बाई माझ्या पाहण्यात दुसरी नाही, आणि यासाठी देवाचे आभार कोणत्या शब्दांत मानू ते मला कळत नाही.

भिंतीवर त्यानंतर एकदा पुन्हा लिहिलं गेलं. कापडवाला अजून तिथेच बसतो. शरण गेल्यावर देव भीती काढून घेतो असं मी ऐकत आले होते, माझी तर त्यानं तशीच ठेवली आहे. आता दोन्ही वेळा फिरायला मी त्यांच्याबरोबर जाते, त्यांचा हात माझ्या हातात असतो. कोणी विचारतं, आप लोग कौन हैं? आजूबाजूला कोण कोण आहे ते नजर आधी पाहून घेते. आणि मी सांगते.