तो पंप फक्त गाडीसाठी होता

आमच्या यजमानांच्या मोटारीचं अमरावतीत अजून कोणी कौतुक करायला लागलं, की माझं डोकं तापतं. "काय गाडी होती हो तुमची!" म्हणतात. होती. दोन माणसांची, ठेंगणी, लांब नाकाची, सोडावॉटरच्या बाटलीसारखी हिरवी. कॅम्पातला एक इंग्रज अधिकारी विलायतेला परत जात होता, त्याच्याकडून यांनी ती घेतली. शर्यतीत पळवायची गाडी म्हणे. आमच्याकडे ती कचेरीत जायला होती, आणि लोकांनी वळून पाहावं म्हणून होती.

माझे सासरे नांदगाव खंडेश्वरकडचे, काळ्या जमिनीचे, कापसाचे. ते जन्मभर बैलांच्या दमणीत बसून फिरले. माझं माहेर परतवाड्याजवळ. वडिलांची संत्र्यांची बाग होती. आमच्या दोन्ही घरांत मोटार कोणी पाळली नव्हती. हे मात्र नागपूरला कायदा शिकून आले, अमरावतीत वकिलीची पाटी लावली, आणि पक्षकार यायच्या आधी मोटार आली.

गाडीचं काम राजापेठेतला एक मिस्त्री करायचा. एकदा हे पान खायला गेले असताना तो माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "बाई, पेट्रोल टपकून राह्यलं तापल्या नळीवर. आग इझवाचा पंप ठेवा सोबत. मी सांगतलं तर सायेब हासून राह्यले."

जेवताना मी विषय काढला. हे म्हणाले, "पेटायची असती तर साहेबाजवळच पेटली असती." आणि भाकरीचा तुकडा मोडला. संपला विषय.

तीन आठवड्यांनी आमच्याच फाटकात गाडीच्या नाकाखालून जाळ निघाला. मिस्त्री योगायोगाने तिथेच होता. त्यानं ओलं पोतं टाकून तो दाबला. त्या दिवशी यांचा चेहरा राखेसारखा झाला. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "अकोल्याले जाऊ. पंप घेऊ." जणू कल्पना यांचीच.

अकोल्यात स्टेशनाजवळ मोटारीच्या सामानाचं दुकान होतं. दुकानदार म्हातारा, चष्मा दोऱ्यानं बांधलेला. त्यानं तीन पंप काढून ठेवले. पहिला उंच, लाल, शंकूसारखा. "ह्याच्यात पानी अन् सोडा," तो म्हणाला. "हा जिनातला, सरकी काढाच्या कारखान्यातला. कापसाच्या आगीले हाच पाह्यजे. पन पेट्रोलवर मारसाल तर पेट्रोल पान्यावर तरंगते अन् आग पसरते." मग त्यानं दोन पितळी पंप पुढे सरकवले. पिचकारीसारखे, दांडा मागेपुढे करायचे. "ह्याच्यात पानी नाही, औषध हाय. पेट्रोलवर हे चालते. पन बंद जागी मारू नका, धूर लय वाईट. अन् मधूनमधून हालवून पाहा, भरला हाय का नाही ते."

मी प्रत्येक शब्द ऐकत होते. हे धाकट्या पंपाच्या चकचकीत पितळेत आपल्या मिशा पाहत होते.

"मोठा घ्या," दुकानदार म्हणाला. "दुप्पट माल हाय त्याच्यात. दिसायले मळका हाय, पन काम देते."

"धाकटाच द्या," हे म्हणाले. "गाडीच्या दिव्यांले शोभते."

मी म्हटलं, "अहो, ते मोठा म्हणून राहिले न?"

"तुले काय समजते व त्याच्यातलं?"

दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं, मग पंप पुसायला घेतला. पंपाबरोबर त्यानं लोखंडी पट्टा आणि चार स्क्रू दिले. म्हणाला, "दाराच्या आतून बसवा. बसल्या जागेवरून हात पुरला पाह्यजे."

घरी आल्यावर मी मिस्त्रीला बोलावते म्हटलं. हे खेकसले, "असल्या गाडीले भोकं पाडू?" पट्टा आणि स्क्रू कपाटाच्या खणात गेले. मागे कापडी छपराच्या घडीखाली पंप ठेवला तर तिथे हात पोचेना. म्हणून तो माझ्या पायाशी आला. बडनेऱ्याच्या रेल्वे फाटकाजवळ एकदा तो गडगडत ब्रेकच्या पायपट्टीखाली गेला. गाडी फाटकाला चार बोटं राखून थांबली. यांनी मला रस्त्यावर सगळ्यांसमोर झापलं. पंप मी गडगडवला होता जणू. "मांडीवर धरत जा," हे म्हणाले. त्या दिवसापासून तो माझ्या मांडीवर. अमरावतीहून अकोल्यापर्यंत, खड्ड्याखड्ड्याला पोटात टोचणारा तो थंड पितळी दांडा मी वाहिला. सिनेमातल्या बाईसारखी मी गाडीत बसते असं शेजारणी म्हणायच्या. त्यांना हे कुठं ठाऊक?

पौषातली गोष्ट. आम्ही सकाळी अकोल्याला निघालो होतो. यांच्या एका वकील मित्राकडे जेवण होतं. बडनेरा मागे पडलं आणि मूर्तिजापूरच्या अलीकडे कापसाच्या बंड्यांची, म्हणजे बैलगाड्यांची, रांग लागली. सगळ्या जिनाकडे चाललेल्या. बंड्यांना दोन्ही अंगांनी तुरीच्या वाळल्या काड्यांचे, तुराट्यांचे, ताटवे कुडासारखे बांधलेले, आत कापूस दाबून भरलेला, फटींतून त्याचे पुंजके लोंबत होते. रस्त्यावरही कापूस सांडलेला.

यांना कुठं धीर? उजवीकडून गाडी घातली. एक बंडी ओलांडली, दुसरीच्या बरोबरीला आलो आणि समोरून मोटारबस आली. थांबावं लागलं. गाडी बंद पडली. आमची धुराची नळी बाहेरून होती, डाव्या अंगाला, माझ्याच बाजूला. आणि माझ्या डाव्या हाताला हातभर अंतरावर ती बंडी. बंडी हाकणारा चाळिशीतला माणूस होता. त्याची बायको वर कापसावर बसली होती. तिनं माझ्याकडे पाहून हसून विचारलं, "कुठं चालल्या बाई?" मी म्हटलं, "अकोल्याले."

बस कडेनं निघून गेली आणि यांनी गाडी चालू करायला घेतली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा नळीतून बंदुकीसारखा आवाज झाला आणि जाळाची जीभ बाहेर आली. लोंबता पुंजका पेटला. मी तो पेटताना पाहिला. आधी एवढासा. मग तुराटीवर चढला.

"अवो, पेटलं! उतर!" बंडीवाला ओरडला. त्याच्या बायकोनं वरून उडी टाकली.

यांनी गाडी वीस पावलं पुढे नेली. ते मी समजू शकते. तेवढं कोणीही केलं असतं. पण गाडी थांबली, मी दार उघडलं, पंप उचलला, आणि यांनी माझं मनगट धरलं.

"थांब. तो पंप गाडीसाठी हाय."

मला आधी कळेचना. मी म्हटलं, "त्यांचा कापूस पेटला."

"पेटला. पन अकोला अजून दूर हाय. रस्त्यात आपली पेटली तर? अन् कापसावर ह्याचा उपयोग नाही. दुकानदार काय म्हनला, ऐकलं न तू?"

म्हणजे हे ऐकत होते. पितळेत मिशा पाहता पाहता दुकानदाराचं हे एक वाक्य यांनी नीट जपून ठेवलं होतं.

आणि मी बसून राहिले. तव्यावरची पोळी करपायला जेवढा वेळ लागेल तेवढा वेळ मी मांडीवर भरलेला पंप घेऊन बसून राहिले, कारण नवऱ्यानं थांब म्हटलं होतं. मागे बंडीवाला बैलांच्या मानेची जोती सोडत होता. एक बैल बिथरून शेतात पळाला. त्याची बायको लुगड्याच्या पदरानं जाळावर झोडपत होती. पदरानं!

ते पाहिलं आणि मी हिसका देऊन मनगट सोडवलं. धावत गेले, मूठ पिळून दांडा सोडवला आणि मारू लागले. होळीच्या पिचकारीसारखी धार. ताटव्यावरचा जाळ खरंच विझला. पण असा काही धूर उठला की घशात तिखट ठेचून घातल्यासारखं झालं. दहाबारा वेळा दांडा मागेपुढे केला असेल, धार बारीक झाली, थेंब आले, संपलं. मोठा पंप असता तर आणखी तेवढाच पुरला असता.

वरचा जाळ गेला, पण कापूस आतून धुमसत होता. मग मागच्या बंड्यांवरची माणसं आली. आम्ही हातांनी कापूस उपसला, रस्त्यावर पसरला, वर माती टाकली. माझा उजवा तळवा भाजला. ती बाई माझ्या शेजारी खोकत, शिव्या देत कापूस ओढत होती. अर्धा जळाला. उरलेला काळवंडला, त्याला धुराचा असा वास की जिनात कोणी हात लावला नसता.

हे या सगळ्या वेळात काय करत होते? गाडी आणखी पन्नास पावलं पुढे नेऊन उभी केली होती आणि रंगावर काही उडालं का ते रुमालानं पुसून पाहत होते.

बंडीवाला त्यांच्याकडे गेला. हात जोडले नाहीत, ओरडला नाही. म्हणाला, "सायेब, तुमच्या गाडीनं पेटवलं."

"माह्या गाडीनं? बंडी रस्त्याच्या मंधात घालतं, वरून बिडी पेतं, अन् मले सांगून राह्यला?"

"मी बिडी पेतच नाही, बाप्पा."

"कोनं पाह्यलं गाडीनं पेटवलं म्हनून?" हे जमलेल्या माणसांकडे वळले. "तुमी पाह्यलं? तू पाह्यलं?" मागच्यांना दिसणार कसं?

"मी पाह्यलं," मी म्हटलं.

"गाडीत बस."

"मी पाह्यलं. नळीतून जाळ निघाला."

"गाडीत बस म्हनलं न तुले!"

आणि मी बसले. दुसऱ्यांदा. त्या बाईनं मला गाडीत बसताना पाहिलं. तिचं तोंड काजळलेलं होतं. मला एक शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

अकोल्यात मित्राकडे पंगत बसली. माझ्या हाताला तिथल्या वहिनींनी तूप लावलं. आतल्या खोलीत खोकत मी बसले होते आणि बाहेरून यांचा आवाज येत होता. "अरे, आज मोठी गंमत झाली. एका कुनब्याची बंडी पेटली होती रस्त्यात. आमचा पंप होता म्हनून वाचली." मित्र वाहवा करत होते. कोणीतरी म्हणालं, आता आपणही एक घेतला पाहिजे. मी खोकत होते म्हणून, नाहीतर बाहेर जाऊन ताट उधळलं असतं. असं मी आज म्हणते. त्या दिवशी मी डाव्या हातानं भात कालवला आणि गिळला.

तिसऱ्या दिवशी बंडीवाला अमरावतीला आमच्या ओसरीत येऊन उभा राहिला. हिरवी गाडी कोणाची हे विचारायला त्याला दोन माणसंही लागली नसतील. हे आरामखुर्चीतून उठलेसुद्धा नाहीत. "कोर्टात जा. बिडीचं मी तिथं सिद्ध करीन."

नशीब म्हणा, सासरे गावाहून आले होते. ते आतून बाहेर आले. म्हणाले, "काय झालं रे बाबा?" त्यानं सांगितलं. यांनी बिडीचं सांगितलं. सासरे दोघांकडे पाहत राहिले. मी दाराच्या चौकटीत होते. मी पदर सावरला नाही, आवाजही खाली केला नाही.

"मामंजी, गाडीनं पेटवलं. मी हातभरावरून पाह्यलं. अन् पंप माह्या मांडीवर असताना यांनी मले उतरू देलं नाही."

सासऱ्यांनी यांना विचारलं, "खरं हाय?"

हे म्हणाले, "बाईमानसाच्या सांगन्यावर—"

"मी तुले इचारलं, खरं हाय का?"

हे आरामखुर्चीची कड नखानं खरवडू लागले. सासऱ्यांनी बंडीवाल्याला पाणी दिलं, गाव विचारलं. म्हणाले, "परवा नांदगावले बंडी घेऊन ये. जेवढा गेला तेवढा माह्या कोठ्यातून भरून ने." तो माणूस गेला आणि खरंच भरून घेऊन गेला, सासऱ्यांनी स्वतः उभं राहून भरवला.

इतकं चांगलं वागल्यावर मात्र मला आत बोलावून म्हणाले, "सूनबाई, खरं बोलली. पन परक्यापुढं नवऱ्याले खोटं पाडू नये." मी मान हलवली. ती मान मी का हलवली, याचा राग सासऱ्यांवरच्या रागापेक्षा मोठा आहे.

त्यानंतर मला गाडीत बसायला बंदी झाली. ही शिक्षा होती म्हणे! पंप यांनी पुन्हा भरला नाही. अकोल्याच्या दुकानात भरून मिळत होता, मी दोनदा सांगितलं. "गाडी आता गळत नाही," हे म्हणाले. पण दर रविवारी चिंचेनं घासून, राखेनं चमकवून तो माझ्या जागेवर ठेवायचे आणि मित्रांना शेजारी बसवून चिखलदऱ्यापर्यंत जायचे. मित्रांच्या मांडीवर रिकामा पंप. एकालाही हलवून पाहायचं सुचलं नाही.

पुढे लढाई सुरू झाली, पेट्रोल मोजून मिळू लागलं आणि गाडी विकायला काढली. अकोल्याचा एक तरुण डॉक्टर पाहायला आला, बायकोला घेऊन. दोघांनी गाडीभोवती चार फेऱ्या मारल्या. ती पोटुशी होती. तिनं पंप हातात घेतला आणि विचारलं, "हा भरलेला आहे न?"

"अगदी भरलेला," हे म्हणाले.

मी ओसरीवरून उतरले, तिच्यापर्यंत गेले. "रिकामा आहे," मी म्हटलं. "किती वर्षांपासून रिकामा आहे. भरून घेतल्याशिवाय यात बसू नका. आणि दाराच्या आतून पट्ट्यात बसवा, मांडीवर घेऊ नका." खणातून पट्टा आणि चारही स्क्रू आणून तिच्या हातात दिले.

डॉक्टरनं यांच्याकडे पाहिलं. यांनी गाडीकडे पाहिलं. सौदा झाला तो झालाच. गाडी देखणी होती न. हे महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. घर इतकं शांत होतं, की मला पहिल्यांदा दुपारची झोप लागू लागली.