माळ्यावरची ट्रंक

परवा सुनेनं माळ्यावरची जुनी ट्रंक खाली काढून उघडली आणि डांबरगोळ्यांचा वास घरभर झाला.

मी मिलिटरीतून रजेवर आलो की ही ट्रंक खाटेखालीच असायची. माणूस कायमचा घरी आला की मगच ती माळ्यावर, असं माझ्या बायकोनं, शांतानं, ठरवलेलं. सतरा वर्षांनी पेन्शन घेऊन गारगोटीला आलो, त्याच दिवशी तिनं ती वर चढवली.

तीन महिन्यांत माझी पोलिसात निवड झाली. ट्रेनिंगला निघायच्या आदल्या दिवशी शांता स्टुलावर चढली आणि ट्रंक खाली ओढली. धूळ पुसत म्हणाली, "आता परत कवा वर ठेवायची?"

"नऊ महिनं की. मग हितंच कोल्हापुरात हाय मी."

"व्हय," म्हणाली, आणि कपड्यांत डांबरगोळ्या घालत राहिली. मी बुटांना पॉलिश करत होतो. तिच्या तोंडाकडं बघितलंसुद्धा नाही.

ट्रेनिंगच्या सातव्या महिन्यात तिला ताप आला आणि तो डोक्यात गेला. मी पोचलो तेव्हा अंगणात माणसं बसली होती. ट्रेनिंग संपल्यावर ट्रंक मीच वर टाकली.

"मामंजी, परत माळ्यावर ठेवू?" सुनेनं विचारलं.

"न्हाय," मी म्हणालो. "खाटेखालीच असू दे."