तापलेलं झाकण

परवा स्वयंपाकघरात गुळाचा पाक करपला आणि त्या गोडसर जळक्या वासाने मला घोडबंदर रोडचा चढ आठवला; तिथे माझ्या नव्या गाडीच्या बॉनेटमधून अगदी असाच वास आलेला. तीन सिलिंडरचं एवढंसं टर्बो इंजिन, मोकळ्या रस्त्यावर भन्नाट पळायचं, पण त्या दुपारी बाबांना शेजारी बसवून ट्रॅफिकमध्ये रखडत चढताना इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटचा प्लॅस्टिकचा जॉइंट तडकला. डॅशबोर्डवर लाल दिवा लागला, काचेवर वाफ आली, मागचे ट्रक हॉर्न मारायला लागले. मी कशीबशी गाडी कडेला घेऊन बंद केली आणि बॉनेट उघडून डिकीतून पाण्याची बाटली काढायला गेलो. परत येतो तर बाबांनी कूलंटच्या टाकीच्या झाकणावर नॅपकिन टाकलेला आणि मनगट वळायला लागलेलं. जन्मभर एसटी चालवलेली, घाटात गाडी तापली की असंच करायची सवय. झाकण फिरलं असतं तर आत दाबाखाली असलेलं उकळतं पाणी थेट तोंडावर आलं असतं. "बाबा, हात काढा!" मी इतक्या जोरात ओरडलो की माझाच आवाज चिरकला. डेपोत साहेबांनाही न जुमानणारे बाबा दचकले, हात छातीशी धरून मागे सरकले आणि हळूच म्हणाले, "बरं, तू म्हणशील तसं." इंजिन तासाभराने निवलं. जॉइंट बदलला, गाडी अजून तीच आहे. पूर्वी प्रत्येक चढावर "अरे, गिअर टाक" म्हणणारे बाबा आता शेजारी गप्प बसतात, आणि तेव्हा मला गाडी चालवायची भीती वाटते.