हाळीची किंमत

समजा, मेलेल्यांना उठवणारा मंत्र तुम्हाला लिहायचा आहे. खरा नाही, खेळातला. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, एक जण गोष्ट चालवतो, बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात आणि तलवार लागली की हुकली हे वीस बाजूंचा फासा ठरवतो, असा तो खेळ. छापील पुस्तकातले मंत्र वापरून झाले, आता घरचा रचायचा. कुठून सुरुवात कराल? बहुतेक जण भारदस्त नावापासून करतात. योगिनी कोकरेनं किमतीपासून केली.

योगिनी सव्वीस वर्षांची, सणसरची. इन्स्ट्रुमेंटेशनचा डिप्लोमा करून बारामतीच्या एमआयडीसीत लागली. कारखान्यातली प्रेशर गेजं खरं बोलतात की खोटं, हे तपासणं तिचं काम. रविवारी सकाळी ती आसावरीकडे खेळायला जायची. आसावरी कॉलेजात शिकवायची आणि खेळात गोष्ट चालवायची. तिथून दुपारी स्कूटरवर सणसर, आईजवळ एक रात्र, सोमवारी परत कामावर. दोन वर्षं हाच शिरस्ता.

छापील मंत्रात तिला एक गोष्ट खटकायची. मांत्रिक दहा सांगाडे उठवणार, मग दहा सांगाड्यांचे दहा वेळा फासे पडणार, तोवर बाकीचे मोबाईल बघत बसणार.

"दहा कशाला? कळप म्हणजे एकच जीव," ती म्हणाली. "माझे आबा शंभर मेंढरं एका हाळीवर वळवायचे. मेलेल्यांचंही तसंच करू. एक कळप, एक हाळी, एक फासा."

आसावरी खूश झाली. मंत्राचं नावही तिथंच ठरलं, 'हाळी'. पण शंभर मुडदे एका फाशात हलवणारा मंत्र स्वस्तात दिला तर खेळाचा चुथडा होतो.

"रक्त सांडायला लाव," पुष्कर म्हणाला. पुष्कर दातांचा डॉक्टर. खेळात मांत्रिक तोच व्हायचा.

"रक्त दुसऱ्या दिवशी भरून येतं. सोनं तर तुमच्याकडं पोत्यानं पडलंय," आसावरी म्हणाली.

"मग भरून न येणारं काय असतं?"

योगिनीनं वहीत तीन ओळी लिहिल्या. मांत्रिकाच्या बाजूच्या कुणीतरी आपल्या मेलेल्या माणसाची एक खरी गोष्ट मोठ्यानं सांगायची. ती चिठ्ठीवर लिहून फाडून टाकायची. त्यानंतर ती गोष्ट सांगणाऱ्याची राहत नाही, मांत्रिकाची होते.

"आमच्या आज्जीला मी यात आणणार नाही हं," पुष्कर म्हणाला. "जिवंत असताना पत्त्यांत हरली की आठ दिवस अबोला धरायची. आता काय करेल सांगता येत नाही."

"टेस्टिंगपुरती किंमत मी देते," योगिनी म्हणाली.

यंत्र दुसऱ्याच्या हाती देण्याआधी स्वतः चालवून बघायचं, हे तिच्या अंगात मुरलेलं. आबा, म्हणजे तिचे वडील म्हस्कू कोकरे, तीन वर्षांपूर्वी छातीत कळ येऊन गेले होते. तिच्याकडं मेलेलं माणूस होतं आणि त्याच्या खऱ्या गोष्टी भरपूर होत्या. तिनं एक सांगितली, चिठ्ठी फाडली, पुष्करनं फासा टाकला, मुडद्यांचा कळप उठून चालू लागला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मटकी-भेळ मागवली.

त्याच दुपारी सणसरला ती आईला चारा कापू लागली. भिंतीला टांगलेला विळा घेतला. कौसल्या, तिची आई, हसली.

"त्यो ठेव. डावरा विळा हाय त्यो, तुला न्हाय जमायचा."

"डावरा? कुणाचा?"

"थट्टा करतीस व्हय गं? तुझा बा डावरा न्हवता?"

योगिनी हसली, कारण आई हसत होती. पण गोठ्यामागं जाऊन तिनं पुष्करला फोन लावला. "आज सकाळी मी काय सांगितलं होतं?"

"तुझे वडील डावखुरे होते. विळा डाव्या हातात, पण चहाची बशी मात्र उजव्या. का गं?" आपल्याच काकांबद्दल बोलावं तसं पुष्कर हे म्हणाला.

योगिनीनं स्वतःची समजूत घातली. आठवडाभर प्लांटमध्ये ब्रेकडाऊन, झोप नाही. गेज एकदा चुकलं म्हणून कुणी ते भंगारात टाकत नाही. तीन रीडिंग घ्यायची असतात.

दुसऱ्या रविवारी तिनं बंदोबस्त केला. सांगायची गोष्ट आदल्या दिवशी एका कागदावर लिहून पाकिटात बंद केली आणि पाकीट कामावरच्या कपाटात ठेवलं. टेबलावर ती गोष्ट सांगितली, चिठ्ठी फाडली. शुक्रवारी पाकीट उघडलं. 'आबा घास घेण्याआधी चिमूटभर भाकरी बाजूला ठेवायचे आणि ती कुत्र्याला घालायचे. कुत्रं मेल्यावरही ठेवायचे.'

अक्षर तिचं होतं. माहिती कुणा परक्या माणसाची होती. ती तो कागद हातात धरून उभी राहिली. शेजारच्या टेबलावरच्यानं विचारलं, "काय गं, घरी सगळं बरंय ना?" तिनं कागद घडी करून खिशात घातला.

शहाण्या माणसानं इथं थांबावं. पण भीती वाटली की योगिनी पळत नाही, मोजायला जाते. तिनं ठरवलं, आता अशी गोष्ट द्यायची जी विसरताच येणार नाही. म्हणजे हे सगळं मनाचे खेळ आहेत हे सिद्ध होईल आणि तिला झोप लागेल.

अशी गोष्ट एकच होती. आबांची हाळी.

कळप कधीच गेला होता. कॅनॉलच्या पाण्यावर ऊस आला तशी मेंढरं विकली, हाताची सवय म्हणून आबांनी तीन-चार ठेवली. आता त्यांतली एकच उरली होती, बांडी. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची, अकरा वर्षांची, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ती फक्त आबांच्या हाळीला यायची. आबांमागं ती हाळी एकट्या योगिनीच्या गळ्यात उरली होती. दर रविवारी संध्याकाळी ती द्यायची आणि बांडी चरता चरता मान वर करून यायची. ती कशी विसरणार? ती डोक्यात नव्हतीच, घशात होती.

आबांची एक ताकीद तिला आठवत होती. समोर मेंढरं नसताना हाळी द्यायची न्हाय. दिलेली हाळी कुणीतरी ऐकतंच. लहानपणी ती विचारायची, कोण ऐकतं आबा? आबा मेंढरं मोजायला लागायचे.

तिसऱ्या रविवारी, आसावरीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये, मेंढरू आसपास नसताना तिनं ती दिली. ती अक्षरांत मावणारी नव्हती. सगळे आधी हसले. मग हसायचे थांबले. खालून कुणाचं तरी कुत्रं विव्हळलं. चिठ्ठीवर काय लिहावं ते कळेना, म्हणून योगिनीनं कोरीच फाडली. पुष्करनं फासा टाकला. वीस पडले.

सणसरच्या रस्त्याला लागल्यावर हेल्मेटच्या आत एकदा म्हणून बघावी असं तिला वाटलं. म्हटली नाही. समोर मेंढरं नव्हती, असं तिनं स्वतःला सांगितलं. खरं कारण तिला ठाऊक होतं.

घराला कुलूप होतं. शेजारच्या दत्तोबानं ओरडून सांगितलं, "कॅनॉलवर पळ! तुजी आय तितं हाय. आवर्तन सुटलंय आन् बांडी आत उतरलीया!"

ती पोचली तेव्हा कौसल्या काठावर गुडघे टेकून बसली होती. कॅनॉलच्या आतल्या उतारावर, पाण्यापासून दोन हातांवर, बांडी उभी होती. गवताच्या नादात उतरली असावी. आवर्तनाचं पाणी सोडलेलं होतं आणि ते चढत होतं. गढूळ, आवाज न करता. उतार शेवाळलेला. माणूस उतरलं तर माणूसही जाणार.

"माझं ऐकत न्हाय ती," कौसल्याचा आवाज फाटला होता. "जरा हाललं की खालीच सरकतीय. दे गं हाळी आबाची, दे बिगी बिगी."

योगिनीनं तोंड उघडलं.

काहीच नव्हतं. जीभ कुठं लावायची, आवाज कुठून काढायचा, सुरुवात ओठांनी की घशानं, काही नाही. पायरी असेल म्हणून अंधारात पाऊल टाकावं आणि तिथं पायरी नसावी, तसं. तिनं दुसऱ्या धनगरांची ऐकलेली एक हाळी घालून बघितली. बांडी दचकली आणि एक पाऊल मागं गेली. मागचा खूर पाण्यात गेला.

"अगं, ही कुठली? आबाची दे!"

"येत नाही, आई."

"येत न्हाय म्हंजी? मागल्या ऐतवारी तर दिलीस की!"

योगिनीनं मोबाईल काढला. घाईत पुष्करचं नाव दोनदा चुकलं.

"पुष्कर, आजची हाळी. मी दिलेली. तुला येते?"

"येते की. सकाळपासून डोक्यातून जात नाहीये."

"आत्ता दे. मोठ्यानं. मी स्पीकरवर ठेवते."

"आत्ता? अगं, सासरे जेवायला आलेत, समोर बसलेत."

"पुष्कर, दे!"

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग फोनमधून ती आली. जीभ दोनदा टाळ्याला लागली, मग घशातून एक लांब आवाज निघाला आणि शेवटी वर उचलला गेला. योगिनीनं ती नीट ऐकली. तिला काहीच ओळखीचं वाटलं नाही. बाजारात कुणी अनोळखी माणूस ओरडावा तसं ते होतं.

बांडीचे कान उभे राहिले. तिनं मोतीबिंदूचे डोळे वर केले आणि बरोबर आवाजाच्या दिशेनं चढायला लागली. मध्येच घसरली, गुडघ्यावर आली.

"तिला सरळ वर घेऊ नकोस," फोनमधून पुष्कर म्हणाला. "बाभळीकडून घे. तिथं दगड निघालेत, पाय धरतो."

योगिनी बाभळीकडं धावली. पुष्करनं पुन्हा हाळी दिली. बांडी वळली, निघालेल्या दगडांवर पाय टेकत वर आली आणि काठावर येऊन तिनं फोनला नाक लावलं. खाली, ती उभी होती तिथं, आता पाणी होतं.

योगिनीनं आईकडं बघितलं. तिच्या चेहऱ्यावर हसू यायला हवं होतं, सुटल्याचं. कौसल्या उठून वाटेच्या कडेला उभी राहिली होती. डोक्यावरून पदर घेतलेला, मान खाली, वाट मोकळी सोडलेली. आबा कळप घेऊन यायचे तेव्हा ती अशीच उभी राहायची. आपण तसं उभं आहोत हे तिच्या लक्षात आलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला.

"कोण हाय त्यो?"

"पुष्कर. माझ्याबरोबर खेळतो. दातांचा डॉक्टर."

"आवाज डाक्टरचा असंल," कौसल्या म्हणाली. "हाळी कुणी दिली?"

योगिनीला दुसराच प्रश्न पडला होता. पुष्कर सणसरला कधी आला नव्हता. बाभूळ त्याला कुणी सांगितली? तिनं फोन कानाला लावला. "बाभळीचं तुला कसं माहीत?"

पलीकडं ताटवाट्या वाजत होत्या.

"तूच सांगितलं असशील ना कधीतरी," तो म्हणाला. पण त्याचा आवाज बसला होता.

सांगितलंही असेल. सांगून चिठ्ठी फाडली असेल, तर ते तिला आठवणारच नाही. तीन रविवार, तीन चिठ्ठ्या. निदान तिला आठवत होत्या त्या तीन.

बांडीला गोठ्यात बांधून ती वही घेऊन उंबऱ्यावर बसली. 'हाळी'च्या तिन्ही ओळींवर तिनं पेन फिरवलं, कागद फाटेपर्यंत. मग ग्रुपवर लिहिलं, हा मंत्र रद्द. आसावरीनं लगेच अंगठा पाठवला. पुष्करनं मेसेज नुसता वाचला.

आत कौसल्या ताटं वाढत होती. तिनं योगिनीच्या ताटातली चिमूटभर भाकरी मोडून बाजूला ठेवली आणि हे काय, असं योगिनीनं विचारू नये म्हणून तिच्याकडं न बघता पाणी आणायला गेली.

योगिनीनं पुन्हा मोबाईल उचलला आणि आसावरीला विचारलं. खेळाची जाणती तीच होती, तिला नियम माहीत असणार. नियम खोडला, तर आधीच्या डावात त्याच नियमानं दिलेलं परत मिळतं का?