पिन नसलेलं हत्यार

"सर, मधला नट काढलासा?" फोनवर मी पहिलं तेच विचारलं.

"काढला की. पण एक हूक सरकलाय. स्प्रिंग वाकडी झालीया."

"हात लावू नका. घरातल्या सगळ्यांना घेऊन बाहेर रस्त्यावर थांबा. आलोच."

चौगुले सरांनी मला शाळेत गणित शिकवलं. निवृत्त झाल्यावर त्यांना गाडीची कामं स्वतः करायची हौस लागली. माझं गॅरेज उद्यमनगरात. तिथून त्यांचं घर वीस मिनिटांवर आहे. त्या दिवशी रस्ता संपेना.

पुढच्या चाकामागं शॉकअप असतो. त्यावर जाड स्प्रिंग दाबून बसवलेली असते आणि मधला नट तिला धरून ठेवतो. तो काढण्याआधी हूक आणि आटे पाडलेले रॉड असलेलं हत्यार दोन्ही बाजूंनी लावून स्प्रिंग आवळावी लागते. अशी आवळलेली स्प्रिंग सुटली तर समोरच्याचं डोकं फुटतं. एका गॅरेजच्या पत्र्याला पडलेलं भोक मी बघितलेलं आहे.

सर रस्त्यावर नव्हते. पोर्चमध्ये, स्प्रिंगपासून हातभर अंतरावर मांडी घालून बसले होते. हातात हातोडी.

"हूक ठोकून सरळ करावा म्हटलं."

"उठा सर. आत्ताच्या आत्ता उठा." मी सरांवर पहिल्यांदाच ओरडलो. ते निमूट उठले.

स्प्रिंगच्या तोंडासमोर कधी जायचं नाही. मी बाजूनं वाकलो आणि इंजिन उचलायची साखळी वेढ्यांतून दोनदा ओवून बोल्टनं अडकवली. मग माझं हत्यार काढलं आणि सरांच्या हत्याराशेजारी धरलं.

दोन्ही तंतोतंत सारखी. हूक वेढ्यावरून सरकू नये म्हणून त्याच्या तोंडाला आडवी पिन लागते. सरांच्या हुकाला ती नव्हती.

"सर, पिन कुठं हाय?"

"कसली पिन? तुझ्या हत्याराला न्हवती. मागं गॅरेजात आलतो, तू चहा सांगाय गेलतास तवा टेपनं मापं घेतली. उद्यमनगरातच बनवून घेतलं."

माझी पिन कधीच तुटलेली. काम अडत नव्हतं, म्हणून नवी बसवली नव्हती. सरांनी माझा आळससुद्धा मापात उतरवला होता.

माझं हत्यार लावायचा धीरच झाला नाही. शेजारच्या गॅरेजवाल्याकडून त्याचं पिनवालं मागवलं. ते येईपर्यंत आम्ही दोघं रस्त्याच्या पलीकडं उभे होतो. मग ते लावून स्प्रिंगचा जोर त्यावर घेतला, सरांचं काढलं, आणि एकेक रॉड अर्धा अर्धा आटा सोडत गेलो. शेवटी स्प्रिंग हातात सैल आली, तेव्हा मी तिथंच फरशीवर बसलो.

"माझं चुकलं कुठं?" सरांनी विचारलं.

"तुमचं न्हाई चुकलं सर. मीच गणित चुकीचं घातलं."

दोन्ही हत्यारं त्याच दिवशी कटरनं कापली. आता पिनवालं विकत घेतलंय. गॅरेजमध्ये आलेलं माणूस नुसतं चहा पीत बसलंय, असं मी आता धरून चालत नाही.